दारू सोडवण्यापेक्षा सुटलेली टिकवणं अवघड, हे ओळखून ‘मुक्तांगण’ उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट

खेड तालुक्यात दारू सोडण्याचा एक जुना रस्ता आहे. माळ घालायची.

माउलींची आळंदी याच तालुक्यात येते. त्यामुळे राजगुरुनगरपासून चाकणपर्यंत कुठल्याही गावात गेलात, तर माळ घातली आणि दारू सुटली, असा एखादा माणूस लोक हमखास दाखवतील. श्रद्धेचा भाग आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहज लक्षात येत नाही. माळ घातलेला माणूस एकटा राहत नाही. काकडा, भजन, एकादशी, वारी. तो सारखा चार माणसांत असतो आणि ती चार माणसं त्याच्या गळ्यातल्या माळेकडे बघत असतात.

आता याच पट्ट्यातला दुसरा माणूस घ्या. चाकण एमआयडीसीत कामाला. गाव मराठवाड्यात नाहीतर विदर्भात. तिघा-चौघांत मिळून भाड्याची खोली. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. शिफ्ट सुटली की रस्त्यात वाईन शॉप आणि परमिट रूम लागतातच. याला कुठलं भजन आणि कुठली दिंडी? त्याने उद्यापासून दारू बंद म्हणून ठरवलं, तर संध्याकाळी सात वाजता त्याच्या शेजारी बसणार कोण?

हाच प्रश्न पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1986 साली धरून ठेवला आणि आयुष्याची उरलेली वर्षं त्यालाच दिली. त्यांचं नाव डॉ. अनिता अवचट. त्या गेल्या 1997 मध्ये. पण आज महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की पहिलं नाव येतं ते ‘मुक्तांगण’चं, आणि त्याची सगळी घडी या बाईंनी बसवलेली आहे.

सुनंदा की अनिता?

आधी नावाचा गोंधळ मिटवू. लेखक अनिल अवचट यांची पुस्तकं वाचलेल्यांना ‘सुनंदा’ माहीत असते. मुक्तांगणच्या संस्थापक म्हणून नाव येतं ते डॉ. अनिता अवचट. या दोन बायका नाहीत, एकच.

माहेरच्या त्या सोहोनी. डॉक्टरकीचं शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात. अनिल अवचटही तिथलेच. ते मूळचे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. म्हणजे राजगुरुनगरवरून नाशिक रस्त्याने नारायणगावकडे निघालात आणि पुढे वळलात की त्यांचं गाव. दोघं भेटले, लग्न झालं आणि मग या जोडप्याने त्या काळाच्या मानाने उलटाच संसार मांडला.

अनिल अवचट डॉक्टर झाले, पण डॉक्टरकीत रमले नाहीत. 1960 च्या दशकाच्या शेवटी बिहारमधल्या दुष्काळात कामाला गेले, त्यावर ‘पूर्णिया’ हे पुस्तक लिहिलं आणि पुढे पूर्णवेळ लिहायला लागले. हमाल, विडी कामगार, देवदासी, भटके विमुक्त असे विषय. अशा लेखनावर घर चालत नाही. घर चालवलं अनितांनी. त्या मानसोपचाराकडे वळल्या, येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करू लागल्या. त्या पगार आणायच्या आणि अनिल घर, मुली सांभाळून लिहायचे. नवरा घरी आणि बायको कामावर, हे आजही काही घरांत पचत नाही. ते त्यांनी कुठलाही गाजावाजा न करता केलं.

येरवड्याचं मेंटल हॉस्पिटल म्हणजे पुण्यात चेष्टेचा विषय. येरवड्याला पाठवू का, असं लोक एकमेकांना गमतीत म्हणतात. अनितांचं रोजचं काम त्याच भिंतींच्या आत होतं. ज्या माणसाला घरच्यांनी सोडून दिलं, ज्याच्याकडे समाज बघतही नाही, त्याच्याशी बोलायचं कसं, हे त्या तिथेच शिकल्या. पुढे हेच शिक्षण कामाला आलं.

पुण्यात ‘गर्द’ आलं

1980 नंतर भारतातल्या मोठ्या शहरांत एक नवीन पदार्थ पोचला. ब्राऊन शुगर, म्हणजे कमी शुद्ध हेरॉईन. अफगाणिस्तान आणि इराणमध्ये उलथापालथ झाली, चोरट्या मालाचे जुने रस्ते बदलले आणि भारत त्या रस्त्यावर आला. मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत या पुडीला नाव पडलं ‘गर्द’. सरकारने अंमली पदार्थांविरोधातला कडक कायदा आणला 1985 मध्ये. पण तोवर कॉलेजातली पोरं, रिक्षावाले, कामगार, चांगल्या घरातली मुलं, सगळेच त्यात अडकायला लागले होते.

अनिल अवचटांनी या विषयात हात घातला. गर्द ओढणाऱ्या पोरांना भेटले, त्यांच्या घरी गेले, लेख लिहिले. ‘गर्द’ याच नावाने ते पुढे पुस्तकात आले. लेख वाचून महाराष्ट्र हादरला.

ते वाचून अस्वस्थ झालेल्यांत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई होते. नुसती हळहळ व्यक्त करून दोघं थांबले नाहीत. अशा मुलांसाठी पुण्यात काहीतरी उभं राहिलं पाहिजे, असं त्यांनी धरलं आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. 1986 मधले एक लाख.

पैसे आले. पण अशी जागा चालवायची कोणी? लेख लिहिणारे अनिल होते, मात्र असे पेशंट प्रत्यक्ष हाताळणाऱ्या डॉक्टर होत्या अनिता. काम त्यांच्याकडे आलं.

जागा मिळाली ती मनोरुग्णालयाच्याच आवारात. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुलंच्या हस्ते उद्घाटन झालं आणि ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

व्यसनी माणसालाच कामाला लावलं

त्या काळात व्यसनी माणसाचं काय व्हायचं? श्रीमंत असेल तर नर्सिंग होममध्ये चार दिवस सलाइन. गरीब असेल तर घरात कोंडणं, मारणं, कुठल्या तरी बाबाचा अंगारा, गुपचूप जेवणात मिसळायची औषधं. त्यातून सुटला तर सुटला, नाहीतर नशीब फुटकं म्हणून घरचे हात टेकायचे.

अनितांनी मुक्तांगणमध्ये या सगळ्याला फाटा दिला. मारहाण नाही, कोंडणं नाही, अपमान नाही. व्यसन हा आजार आहे आणि हा माणूस पेशंट आहे, गुन्हेगार नाही, हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट त्याहून धाडसाची होती. इथली कामं इथेच राहणाऱ्यांनी करायची, असं ठरलं. झाडणं, पुसणं, भांडी, स्वयंपाकघरातली मदत. व्यसनात माणसाचा दिवस विस्कटलेला असतो. कधी उठला, कधी जेवला, कशाचा पत्ता नसतो. सकाळी उठून प्रार्थना, योगासनं, वाटून दिलेलं काम, मग गट बसणार, मग समुपदेशन, असा दिवस पुन्हा बांधला की माणूसही हळूहळू बांधला जातो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे या कामाचा कणा. बरे झालेले पेशंटच पुढे मुक्तांगणचे कार्यकर्ते झाले. कोणी वॉर्ड सांभाळणारा, कोणी समुपदेशक, कोणी ऑफिसमध्ये.

आज हे वाचून विशेष वाटणार नाही. पण तेव्हाचा विचार करा. ज्याने घरातली भांडी विकून पुडी घेतली, त्याच्या हातात दुसऱ्या पेशंटची जबाबदारी द्यायची? कुठलाही शहाणा माणूस नको म्हणाला असता. अनितांनी मात्र वेगळा हिशोब केला. व्यसनी माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, आईशीही बोलतो. पण समोर बसलेला माणूस त्याच खड्ड्यातून वर आलेला असेल, तर त्याची थाप तिथल्या तिथे पकडली जाते. सोमवारपासून बंद करणार होतो, फक्त बिअरच घेतो, टेन्शन होतं म्हणून घेतली. ही सगळी वाक्यं समोरच्याने आधी स्वतः म्हणून झालेली असतात.

शिवाय नवीन आलेल्या माणसाला डॉक्टरकडे बघून आशा वाटत नाही. डॉक्टर कधी प्यायलेलाच नसतो. पण परवापर्यंत स्टेशनवर पडलेला माणूस आज स्वच्छ शर्ट घालून चहा देतोय, हे बघितलं की आपलंही होईल, असं पहिल्यांदा वाटतं.

ही कल्पना आली कुठून?

व्यसनी माणसानेच व्यसनी माणसाला धरायचं, या विचाराचा इतिहास मुक्तांगणच्या आधी पन्नास वर्षं मागे जातो.

मे 1935. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला एक माणूस न्यूयॉर्कहून ओहायो राज्यातल्या अक्रन या शहरात कामासाठी गेला होता. पूर्वी प्रचंड पिणारा, पाचेक महिने दारूपासून लांब. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत उभा असताना शेजारच्या बारमधून आवाज येत होता. आपण आता पिणार, हे त्याला कळलं. त्याने दारूच्या आहारी गेलेला दुसरा कुणी माणूस या गावात आहे का, हे शोधायला फोन फिरवायला सुरुवात केली. त्यातून भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर स्वतः दारूत बुडालेले. दोघं काही तास बोलत बसले. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली ती 10 जून 1935 रोजी. हाच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए या संघटनेचा स्थापना दिवस धरतात.

यातली गंमत नीट बघा. बिल दुसऱ्याला उपदेश करायला गेला नव्हता. स्वतःची दारू टाळायला त्याला दुसरा माणूस हवा होता. एएच्या मीटिंगचा सगळा पाया हा एवढाच आहे. भारतात एएचं काम 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं आणि मुंबईतून महाराष्ट्रात पसरलं.

मुक्तांगणच्या रोजच्या कामात हा विचार मुरलेला आहे. गटात बसून आपली गोष्ट सांगणं, फक्त आजचा दिवस न पिता काढणं, दुसऱ्याला मदत करून स्वतः टिकणं. पण अनितांनी एएची नक्कल केली नाही. एएमध्ये डॉक्टर नसतो, औषध नसतं, राहायची सोय नसते. अनिता डॉक्टर होत्या. त्यांनी दवाखाना आणि मीटिंग एका छपराखाली आणले.

दवाखाना का लागतो?

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू पूर्ण बंद केली, तर ते जिवावर बेतू शकतं. हे आजही अनेक घरांत माहीत नसतं.

शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या काळात काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. याला डॉक्टरी भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. त्यामुळे फार पिणाऱ्याला देवळात नेऊन शपथ घालण्याआधी डॉक्टरकडे नेणं गरजेचं असतं.

पण हा भाग आठ-दहा दिवसांत आटोपतो. शरीरातून दारू जाते. खरी अडचण पुढे आहे. माणूस घरी जातो. तोच रस्ता, तेच मित्र, तोच पगाराचा दिवस. दवाखान्यात मिळालेलं औषध इथे कामाला येत नाही. म्हणून मुक्तांगणमध्ये मुक्काम पाच आठवड्यांचा ठेवला गेला, आणि घरी गेल्यावर पुन्हा पुन्हा भेटायचं, त्याला ‘फॉलोअप’ म्हणायचं, असं ठरलं. पुण्यात आणि पुण्याबाहेरही फॉलोअपचे गट भरू लागले.

यात पुन्हा प्यायलेल्या माणसालाही जागा होती. याला ‘स्लिप’ म्हणतात. घरच्यांच्या हिशोबात स्लिप म्हणजे सगळं संपलं, पैसे पाण्यात गेले. अनितांच्या हिशोबात आजार उलटला होता, एवढंच. दम्याचा पेशंट पुन्हा आजारी पडला तर त्याला कोणी घराबाहेर काढत नाही. तसंच इथे. परत ये, परत बस.

‘एकच प्याला’ आठवतंय?

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम इतका गाजला की दारुड्याला मराठीत नावच तळीराम पडलं. या तळीरामाने एक मंडळ काढलेलं असतं, आर्य मदिरा मंडळ. पिणाऱ्यांनी एकत्र यायचं, एकमेकांना धरून राहायचं, कोणी एकटं पडायचं नाही.

म्हणजे बघा, पिणाऱ्यांना गट लागतो हे गडकऱ्यांना 1919 मध्येच दिसलेलं होतं. आणि नाटकातला सुधाकर? तो मध्ये दारू सोडतो. पण कामासाठी ओळखीच्या लोकांकडे गेल्यावर त्याचा अपमान होतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पिताना त्याच्यासाठी आख्खं मंडळ होतं. सोडताना मात्र तो एकटा होता.

अनितांचं काम एका वाक्यात सांगायचं तर हे. सोडणाऱ्यांचंही मंडळ असलं पाहिजे.

आणि सिंधूचं काय?

त्याच नाटकात सुधाकरची बायको सिंधू आहे. सगळं सोसते, तक्रार करत नाही, शेवटी मरते. मराठी घरांत सोशिक बायकोचं कौतुक झालं, पण तिला उपचाराची गरज आहे, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

नवरा पितो तेव्हा बायको खोटं बोलायला शिकते. कंपनीत फोन करून आजारी आहेत म्हणून सांगते, उधारी फेडते, मुलांना गप्प करते. रात्री दाराच्या आवाजावर तिचा जीव टांगलेला असतो. नवरा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुधारून येतो, पण तिच्या मनातला संशय आणि राग तसाच. पहिल्याच भांडणात तो म्हणतो, विश्वासच नाही तर सोडून उपयोग काय. आणि पुन्हा सुरू.

म्हणून मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांचाही गट आहे. त्याचं नाव ‘सहचरी’. तिथे त्या एकमेकींना आपलं सांगतात. नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, हे वाक्य अनेकींना तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळतं. जगात एएच्या जोडीला घरच्यांसाठी अल-अनॉन हे गट 1951 पासून आहेत. बिल विल्सनच्या पत्नी लोइस त्याच्या संस्थापकांपैकी एक. सहचरीची वाट त्याच दिशेची.

दारूबंदीसाठी महाराष्ट्रातल्या बायकांनी मोठ्या लढाया लढल्या. गावातलं दुकान मतदानाने बंद करायची ‘आडवी बाटली’ त्यातूनच आली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. दुकान बंद होणं महत्त्वाचंच. पण घरातला जो माणूस आधीच आजारी पडलाय, तो दुकानाला कुलूप लागल्याने बरा होत नाही. त्याला आणि तिला वेगळी मदत लागते. तो रिकामा कोपरा अनितांनी भरला.

मग त्यांनाच कॅन्सर झाला

मुक्तांगण रुळत होतं. गर्दच्या पेशंटसोबत दारूचे पेशंटही वाढत होते. पुढे तर दारूवालेच जास्त झाले. आणि या सगळ्यात अनितांना कॅन्सर असल्याचं निदान झालं.

त्या डॉक्टर होत्या. पुढे काय वाढून ठेवलंय, हे त्यांना दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नव्हती. घरात दोन मुली, मुक्ता आणि यशोदा. उपचार सुरू झाले. बरं वाटलं, पुन्हा उलटला, असं काही वर्षं चाललं.

एवढ्या आजारात मुक्तांगणपासून लांब होण्याचं कारण त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते वापरलं नाही. बरं वाटेल तसं काम करत राहिल्या. पेशंटना आजचा दिवस जगायला सांगणारी बाई स्वतः तेच करत होती आणि हे पेशंट डोळ्यांनी बघत होते. व्यसन सोडायला किती ताकद लागते, यावर दिलेल्या शंभर भाषणांनी जे झालं नसतं, ते या बघण्याने झालं असणार.

1997 मध्ये डॉ. अनिता अवचट गेल्या. मुक्तांगण सुरू होऊन तेव्हा अकरा वर्षंही झाली नव्हती.

त्या गेल्यावर काय झालं?

आपल्याकडे बऱ्याच संस्था एका माणसाच्या जिवावर चालतात. तो गेला की पाटी राहते, काम संपतं. मुक्तांगणचं तसं झालं नाही.

त्याचं कारण पुन्हा त्यांच्याच पद्धतीत आहे. संस्था चालवणारे हात सुरुवातीपासून बऱ्या झालेल्या पेशंटचे होते. ते हात तिथेच राहिले. अनिल अवचटांनी कामात लक्ष घातलं. मुलगी मुक्ता पुणतांबेकर या मानसशास्त्राचं शिक्षण घेऊन आईच्या कामात आल्या आणि पुढे त्यांनी संस्थेची धुरा घेतली. मुक्तांगणची स्वतःची इमारत येरवड्यात आळंदी रस्त्याला उभी राहिली. केंद्र सरकारने व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या इतर संस्थांना प्रशिक्षण देण्याचं काम मुक्तांगणकडे दिलं. बायकांच्या व्यसनासाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग सुरू झाला. आयुष्यात मोठ्या संकटाशी झगडून उभ्या राहिलेल्या माणसांना अनितांच्या नावाने संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. अनिल अवचट 27 जानेवारी 2022 रोजी गेले, तरी काम सुरूच आहे.

आज राजगुरुनगर-चाकणमध्ये मीटिंग शोधायची तर?

अनितांची गोष्ट वाचून कोणाला आपला भाऊ, नवरा, मित्र किंवा स्वतःच आठवला असेल, तर हा भाग त्यांच्यासाठी.

पहिली पायरी डॉक्टर. रोज आणि बरीच वर्षं पिणारा असेल, सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, तर एकदम बंद करायला लावू नका. आधी दवाखाना. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर 14446 आहे. मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानसचा 14416 आहे.

दुसरी पायरी मीटिंग. एएच्या मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, एखाद्या संस्थेच्या खोलीत, बहुतेक वेळा संध्याकाळी भरतात. चर्चमध्ये भरली म्हणजे ती ख्रिश्चनांची असते, असं नाही. खोली परवडते म्हणून तिथे भरते. फी नसते. सभासद व्हायची एकच अट, दारू सोडायची इच्छा. पूर्ण नाव, पत्ता, कंपनी सांगावी लागत नाही. संघटनेच्या नावातल्या ‘अ‍ॅनॉनिमस’चा अर्थच हा की इथे ओळख उघड होत नाही. लहान गावात, जिथे किराणा दुकानदारापासून सुपरवायझरपर्यंत सगळे ओळखतात, तिथे ही गोष्ट फार मोठी आहे.

काही मीटिंग ‘ओपन’ असतात, तिथे घरचेही बसू शकतात. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांची. पहिल्या दिवशी काहीच बोललं नाही तरी चालतं, नुसतं ऐकायचं. शेअरिंग चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. किती वर्षं, महिने, दिवस झाले याचा वाढदिवस साजरा होतो. एक महिन्यावालाही टाळ्या घेऊन जातो.

घराजवळ मीटिंग सापडली नाही, तर चाकण, भोसरी, पिंपरी, पुणे या क्रमाने शोधायची. शिफ्टमुळे वार जमत नसेल, तर दोन गावांतल्या दोन मीटिंग धरून ठेवायच्या, एक दिवसपाळीच्या आठवड्याला, एक रात्रपाळीच्या. प्रवास जमत नसेल त्या दिवशी फोनवर ऑनलाइन मीटिंग असतात. एका गटात मन रमलं नाही, तर दुसरा बघायचा. मीटिंगमध्ये भेटलेल्या एकाचा तरी नंबर घ्यायचा, आणि प्यायच्या आधी त्याला फोन करायचा. प्यायल्यावर नाही. बिल विल्सनने 1935 मध्ये हॉटेलच्या लॉबीतून हेच केलं होतं.

राहून उपचार घ्यायची वेळ आली, तर येरवडा राजगुरुनगरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. केंद्र कुठलंही निवडा, पण जायच्या आधी तीन गोष्टी विचारा. डॉक्टर आहे का, मारहाण-कोंडणं होत नाही ना, आणि घरी गेल्यावर फॉलोअप आहे का. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरं केंद्र बघा. कारण अनितांनी 1986 मध्ये जे ओळखलं ते आजही तसंच आहे. दारू सुटते ती आठवड्याभरात. पुढची सगळी वर्षं ती सुटलेली राहावी लागते, आणि त्यासाठी शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं लागतं.